पहिल्या दहा किलोमीटरची उधारी

*ताई, मी ३६ वर्षांची, फोंड्याला हायस्कूलमध्ये शिकवते. पाच महिने पहाटे साडेचारला उठून सराव केला. गेल्या रविवारी हाफ मॅरेथॉन (२१.१ किमी) होती, सकाळी सहाची. जानेवारीत पुण्यात १० किमी ५२ मिनिटांत झाले होते, त्यावरून १ तास ५५ मिनिटांचं लक्ष्य ठेवलं. लागले २ तास ९ मिनिटं ४० सेकंद. ५ किमी २५:५०, १० किमी ५२:४०, १५ किमी १:२३:१०, २० किमी २:०१:१०. चौदाव्या किमीला एनर्जी जेल (साखरेचा घट्ट पाक) आणि गोड एनर्जी ड्रिंक एकदमच घेतलं, पोटात पीळ पडला, मग चालत-धावत शेवट गाठला. गुडघा दुखू नये म्हणून सकाळी पेनकिलर घेतली होती. वजन आड येऊ नये म्हणून आदल्या रात्री भात टाळला होता. ग्रुपमधले म्हणतात, मनाने कच्ची पडलीस. मुलं विचारतात, "टीचर, कितवा नंबर?" नवरा म्हणतो, पूर्ण केलीस ना, विषय संपव. त्याच्यावरच खेकसते. मेडल कपाटात टाकलंय. रागाच्या भरात तीन आठवड्यांनंतरच्या दुसऱ्या हाफचे पैसेही भरले. धावणं सोडू, की ती रेस मारून हा डाग पुसू?*
*– थकलेली टीचर, फोंडा*

टीचर, दोन्ही नको. सोडायचंही नाही आणि तीन आठवड्यांत डाग पुसायलाही जायचं नाही. कारण तुमच्याच आकड्यांत आहे. पत्रात स्प्लिट, म्हणजे टप्प्याटप्प्याचे वेळ, लिहिलेत हे फार बरं केलंत, बहुतेक जण फक्त हुंदका पाठवतात.

५२:४० हा आकडा पुन्हा बघा. हा तुमच्या हाफमधल्या पहिल्या दहा किमीचा वेळ. तुमचा आजवरचा सर्वोत्तम दहाचा वेळ ५२:००, तोही पुण्यात, जानेवारीच्या कोरड्या गारव्यात. म्हणजे रविवारी तुम्ही आयुष्यातल्या सर्वात वेगवान दहापेक्षा फक्त ४० सेकंद हळू धावलात, आणि पुढे आणखी ११ किमी बाकी होते. तुमच्याच १:५५ च्या हिशेबाने किमीला ५:२७ चा पेस (वेग) लागत होता, म्हणजे दहा किमीला ५४:३०. तुम्ही स्वतःच्या योजनेच्याही पावणेदोन मिनिटं पुढे होतात. मनाने कच्चा माणूस असं धावत नाही. हे उतावळ्या माणसाचं धावणं आहे. आजार वेगळा, औषध वेगळं.

आता दहाच्या वेळेवरून हाफचा वेळ काढणारं ते कॅलक्युलेटर. ते चुकीचं नाही. ५२ मिनिटांच्या दहावरून हाफला साधारण १:५४:४५ निघतात, गणित बरोबर आहे. पण त्या गणितात हवा धरलेली नसते. दोन्ही रेस सारख्या हवेत होणार आणि लांब पल्ल्याचा सराव पुरेसा झालेला असणार, हे ते गृहीत धरतं. आपल्याकडे गोव्यात पहाटे थंड वाटतं खरं, पण दमटपणा इतका असतो की घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. ओघळलेला घाम अंग गार करत नाही. मग शरीर गारव्यासाठी रक्त त्वचेकडे वळवतं, पायांच्या वाट्याचं कमी होतं आणि त्याच पेसला हृदयाचे ठोके वाढत जातात. त्यात तुमचा सगळा सराव अंधारातला. रेस सहाची, म्हणजे शेवटचा तासभर उन्हात. त्या उन्हाची अंगाला सवयच नव्हती.

गोव्यात हाफ धावताना थंड, कोरड्या गावातल्या पेसमध्ये किमीमागे १५ ते २० सेकंद वाढवावेत, असं माझं मत. तुमच्यासाठी ५:४५ धरू. त्याने हाफ २:०१:२० च्या आसपास होते. म्हणजे ज्या १४ मिनिटं ४० सेकंदांसाठी तुम्ही रडताय, त्यातली सव्वासहा मिनिटं तुमच्या हातात कधी नव्हतीच. ती लक्ष्य ठरवतानाच चुकली. उरली आठ मिनिटं वीस सेकंद. ती मात्र तुमची, आणि कुठे गेली तेही दिसतं. ५:४५ ने दहा किमीला ५७:३० लागायला हवे होते. तुम्ही ४ मिनिटं ५० सेकंद आधी पोचलात, आणि पुढच्या ११.१ किमीत १३ मिनिटं जास्त मोजलीत. उधारी घेतली पाचाची, फेडली तेराची. लांब रेसमध्ये व्याजाचा दर असाच असतो. जोरात धावलं की स्नायूंमधली साठवलेली साखर भराभर संपते आणि अंग आधीच तापून बसतं. तापलेलं अंग नंतर नुसता वेग कमी करून लवकर निवत नाही.

भात टाळलात ते वजनापायी. त्या रात्रीचा भात अंगावर चढत नाही. तो स्नायूंत साखर म्हणून साठतो, आणि सोबत थोडं पाणीही धरून ठेवतो. काट्यावर अर्धा-एक किलो जास्त दिसलं तर चांगलंच समजा. पुढच्या वेळी आदल्या दिवशी दुपारी आणि रात्री भात नेहमीपेक्षा जास्त, सोबत साधी आमटी. शाकुती आणि तळलेले बांगडे रेसनंतर. मसाला, तेल आणि चोथा, तिन्ही सकाळी पोटात हिशेब मागतात. रेसच्या दोन-अडीच तास आधी उकड्या तांदळाची मीठ घातलेली पेज, किंवा जॅम लावून दोन पाव आणि एक केळं. रोज कॉफी पीत असाल तर कॉफीही. मात्र यातलं काहीही रेसच्या दिवशी पहिल्यांदा करायचं नाही. तीन लाँग रनच्या आधी तेच खाऊन बघा.

पोटातला पीळ जेलचा नव्हे, जेल आणि गोड पेय एकत्र घेतल्याचा. एका जेलमध्ये साधारण २० ते २५ ग्रॅम साखर असते. वरून गोड पेय ओतलं की पोटात घट्ट पाक होतो. तो पातळ करायला शरीर आतड्यात पाणी खेचतं. उन्हात पोटाला रक्त आधीच कमी, म्हणून कळ. जेलसोबत नेहमी साधं पाणी, तीन-चार घोट. पहिलं जेल ३५ ते ४० मिनिटांनी, भूक लागायच्या आत, दुसरं ७५ ते ८० मिनिटांच्या सुमारास. चौदाव्या किमीला पहिलं घेतलंत, तोवर पहिल्या दहाची चूक पदरात पडलेली होती.

पाणी किती प्यायचं हे ठोकताळ्यावर सोडू नका, मोजा. तासभर धावण्याआधी कपड्यांविना वजन करा, धावून आल्यावर अंग पुसून पुन्हा करा. वजनात जेवढे किलो घट, त्यात वाटेत प्यालेलं पाणी मिळवलं की तुमचा तासाचा घाम, लिटरमध्ये. सगळाच भरून काढायचा नाही. रेसनंतर वजन आधीपेक्षा वाढलेलं दिसलं तर ते वाईट लक्षण आहे, रक्तातलं मीठ पातळ होऊन जिवावर बेतू शकतं.

पेनकिलरबद्दल मात्र रागावून सांगते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या रेसच्या सकाळी घ्यायच्या नाहीत. मूत्रपिंडाचं रक्त त्या कमी करतात आणि घामाने सुकलेल्या अंगात तोच धोका आणखी वाढतो. शिवाय पोट बिघडवतात. गुडघा दुखत असेल तर तो रेसच्या महिनाभर आधी डॉक्टरांना दाखवायचा. आणि आत्ताच बघा, गेल्या रविवारनंतर लघवी चहाच्या रंगाची झाली असेल, पावलं सुजली असतील, छातीत दुखत असेल, तर हे वाचणं थांबवून दवाखाना गाठा.

डाग पुसण्याचं म्हणाल तर एका मोठ्या धावपटूचं उदाहरण देते. पॉला रॅडक्लिफ, तेव्हाची महिला मॅरेथॉनची जागतिक विक्रमवीर. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये साधारण ३६ किमीला थांबली आणि रस्त्याच्या कडेला बसून रडली, सगळ्या जगासमोर. कडक उकाडा होताच, पण पायाच्या दुखापतीसाठी घेतलेल्या गोळ्यांनी पोटही बिघडलं होतं. पाचच दिवसांनी ती १०,००० मीटरची अंतिम शर्यत धावायला उतरली, आणि तीही अर्धवट सोडली. मग नोव्हेंबरमध्ये तिने न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली. दुसरी शर्यत पाच दिवसांनी आणि तिसरी अडीच महिन्यांनी, या दोन्हींमधला फरक तुम्हाला लागू आहे. तिच्याकडे डॉक्टर, मसाजवाले, सगळा ताफा होता, तरी शरीराने घाई मानली नाही.

तेव्हा ती तीन आठवड्यांनंतरची रेस सोडा. पैसे परत मिळत असतील तर मागा, नसतील तर बुडाले समजा. बिब (छातीवर लावायचा नंबराचा कागद) दुसऱ्या कुणाला देऊ नका. मागच्या बाजूला तुमचा रक्तगट आणि तुमच्या घरचा फोन नंबर असतो, आणि अपघात झाला तर डॉक्टर तोच वाचतात. अगदीच जायचं असेल तर ग्रुपमधल्या एखाद्या नवशिक्या बाईसोबत तिच्या वेगाने जा. पण तुमचा स्वभाव पत्रावरून जेवढा कळतो, त्यात पाचव्या किमीला तुम्ही तिला सोडून पळाल.

पहिले चार दिवस धावणं नाही, चालणं चालेल. मग दोन आठवडे फक्त गप्पा मारत धावता येईल अशा वेगाने, ३० ते ४० मिनिटं. तिसऱ्या आठवड्यानंतर आठवड्यातून एक रन मुद्दाम सूर्य वर आल्यावर, साडेसातला, टोपी घालून. उन्हाची सवय लागायला साधारण दहा ते चौदा दिवसांचा सततचा सराव लागतो, आठवड्याच्या एका रनवर ती थोडीफारच लागते. म्हणून पुढची रेस दोन-अडीच महिन्यांनी घ्या, म्हणजे सरावाला वेळ मिळेल. लाँग रन १८ किमीपर्यंत न्या. फर्मागुडीचा चढ तुमच्या दाराशी आहे, तो पळत चढू नका. श्वास सारखा ठेवून चढा, मग पेस पडला तरी चालेल. सपाटीचा सराव हवा तर पणजीला येऊन मिरामार–दोना पावलाचा रस्ता, समुद्राचा दमटपणा फुकटात मिळतो.

पुढच्या रेसला पहिले पाच किमी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. लोक पुढे जातील, जाऊ द्या. खरी रेस पंधराव्या किमीला सुरू करायची. आणि घड्याळाने २१.४ किमी दाखवले तर आयोजकांशी भांडू नका. मार्ग वळणांच्या आतल्या कडेने मोजतात, तुम्ही गर्दीत बाहेरून धावता. म्हणून १:५५ साठी घड्याळावर ५:२७ नव्हे, ५:२२ दिसायला हवं. प्रमाणपत्रावर चिप टाइम (तुम्ही सुरुवातीची रेषा ओलांडल्यापासूनचा) आहे की गन टाइम (रेस सुटल्याच्या इशाऱ्यापासूनचा), तेही तपासा. मागच्या रांगेत उभ्या असाल तर दोन्हींत एक-दोन मिनिटांचा फरक असू शकतो.

आता घरचं. नवऱ्याला एक वाक्य सांगा: "मला आत्ता तोडगा नको, दोन दिवस फक्त ऐकून घे." तो विषय मिटवतोय, कारण तुमचं दुःख त्याला बघवत नाही, पण तुम्हाला ते हिणवल्यासारखं लागतं. दोघेही बरोबर आहात. ग्रुपवर स्प्लिट टाका आणि खाली लिहा, "पहिले दहा फार जोरात गेले." मनाने कच्ची म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तेच केलेलं असतं, ते आपोआप गप्प बसतील. मुलांना सांगा की या रेसमध्ये नंबर महत्त्वाचा नसतो, वेळ असतो, आणि टीचरचा वेळ ठरवला होता त्यापेक्षा जास्त लागला. गणिताच्या तासाला स्प्लिट फळ्यावर लिहून दिलेत तर सरासरी वेगाचं चांगलं उदाहरण होईल, आणि कुठे चुकलं ते सातवीतलं पोरही सांगेल.

दोन आठवड्यांनीही झोप येत नसेल, जेवण जात नसेल, वर्गात मन लागत नसेल, तर प्रश्न रेसचा उरलेला नाही. तेव्हा १४४१६ या टेली-मानस हेल्पलाइनवर बोला. आणि धावताना थकवा लवकर येतोच असं वाटत राहिलं तर हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन (लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्या. हिमोग्लोबिन ठीक दाखवूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो, पाळी चालू असलेल्या धावणाऱ्या बायकांत हे बरंच दिसतं. लोहाच्या गोळ्या मात्र रिपोर्ट आल्यावर आणि डॉक्टरांनी सांगितल्यावरच.