५३ टक्के आणि २१ थेंब

दर रिझल्टनंतर मला हा एकच प्रश्न येतो, कधी मुलीकडून, कधी तिच्या आईकडून, कधी ज्याने फी भरलेली असते त्या काकाकडून, की मॅडम नर्सिंगला मार्क कमी पडलेत, पुढे नोकरी लागेल ना? मी मराठवाड्यातल्या एका नर्सिंग कॉलेजला आठवड्यातून एकदा समुपदेशनाला जाते. कॉलेजचं नाव सांगत नाही, आणि खाली जिची गोष्ट सांगतेय तिचं नाव बदललंय, घरचे एक-दोन तपशीलही बदललेत. तिला वर्षा म्हणूया.

वर्षा बीएस्सी नर्सिंगच्या चौथ्या सेमिस्टरला होती. ड्यूटीवरून थेट आली, केसांना जाळी, खिशाला एक निळा आणि एक लाल पेन, काखेत लॉगबुक. बसली आणि मोबाईल पुढे केला, रिझल्टचा स्क्रीनशॉट. तीन सेमिस्टर मिळून साधारण ५३ टक्के. एकाही विषयात नापास नाही बरं का. पण घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आतेबहिणीचे जीएनएमचे (नर्सिंगचा डिप्लोमा) ७६ टक्के पडलेले, त्याखाली सतरा जणांचे अभिनंदन, आणि हिचा रिझल्ट भावाने टाकल्यावर फक्त आत्याचा एक हात जोडलेला इमोजी. हे सांगताना ती रडली नाही. नख मात्र लॉगबुकच्या कव्हरवर सारखं घासत होती, तिथला लॅमिनेशनचा कोपरा आधीच निघालेला होता.

मी काय म्हटलं असेल? जे सगळेच म्हणतात तेच. अगं मार्क म्हणजे सगळं नसतं, पेशंट काय तुझी मार्कशीट बघणारे का वगैरे.

ती म्हणाली, "मॅडम, असं फक्त कमी मार्क पडलेल्यांनाच सांगतात."

बरोबर होतं तिचं. टॉपरला कुणी येऊन सांगत नाही की मार्क म्हणजे सगळं नसतं म्हणून (खरं तर त्यांनाही सांगायला पाहिजे, ८० टक्केवाली एक मुलगी माझ्याकडे यायची जिला पेशंटच्या नातेवाईकाशी बोलायचं म्हटलं की तोंडाला कोरड पडायची, पण ते परत कधीतरी). मग मी ठरवलं की हिला धीर द्यायच्या आधी सरळ हिशोब द्यावा, मार्क कुठे लागतात आणि कुठे नाही.

तर आम्ही कागद घेतला. पहिली गोष्ट, इंग्रजीसारखे अपवाद सोडले तर पास व्हायला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हीत वेगवेगळे ५० टक्के लागतात. ते तिचं झालेलं होतं. दुसरं, पुढे एमएस्सी नर्सिंग करायचं तर बीएस्सीला ५५ टक्के लागतात आणि वर एक वर्षाचा अनुभव. म्हणजे ५३ आणि ५५ मधला फरक खराखुरा आहे, तो मी तिला "काही नाही गं" म्हणून पुसून टाकू शकत नव्हते. तिसरं, एनएचएमच्या (राष्ट्रीय आरोग्य अभियान) कंत्राटी जागा निघतात जिल्ह्याला, तिथे बऱ्याचदा परीक्षा नसते, मार्क आणि अनुभव धरून मेरिट लिस्ट लागते, आणि तिथे ५३ वाली खाली जाते, हे पण खरं.

पण याच्या पलीकडे बघायला गेलं तर चित्र वेगळंय. एम्सची नॉरसेट ही परीक्षा, जिच्यातून केंद्राच्या हॉस्पिटलांसाठी नर्सिंग ऑफिसर घेतात, तिथे बीएस्सीवाल्यांना टक्क्यांची अटच नाही, डिग्री आणि नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन असलं की फॉर्म भरता येतो, पुढचं सगळं त्या परीक्षेवर, आणि चुकलं की एक तृतीयांश मार्क कापतात. जीएनएमवाल्या आतेबहिणीला त्याच परीक्षेला ५० बेडच्या हॉस्पिटलचा दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागेल, हे वाचल्यावर वर्षाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं, मी काही बोलले नाही. राज्य सरकारची अधिपरिचारिकेची (स्टाफ नर्स) भरती पण परीक्षेवर, त्यात मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता आणि नर्सिंग. आणि आपल्या गावातल्या खाजगी हॉस्पिटलला गेलात तर तिथे पहिला प्रश्न असतो नाइट करणार का, दुसरा आयव्ही (शिरेतली सुई) लावता येते का, तिसरा कधीपासून येताय. मार्कशीट फाईलला लावून ठेवतात, झालं. मोठ्या शहरातली कॉर्पोरेट हॉस्पिटलं बऱ्याचदा स्वतःची लेखी टेस्ट घेतात, त्यात औषधांची गणितं हमखास.

गणितं म्हटल्यावर ती खिडकीकडे बघायला लागली.

खरं सांगते, मी ते जवळजवळ सोडूनच देणार होते. वेळ संपत आलेला, बाहेर दुसरी मुलगी उभी. पण मी सहज विचारलं, आता चौथ्या सेमिस्टरला फार्मा (औषधशास्त्र) आहे ना, कसं चाललंय? तर म्हणाली ठीके. मी म्हटलं ऑप्शनला काय टाकलंय? कारण मुलं अभ्यास काय केला ते रंगवून सांगतात, ऑप्शनला काय टाकलं ते मात्र खरं सांगतात. ती म्हणाली, "ड्रग कॅल्क्युलेशन. दोन-चार मार्कालाच येतं, बाकीचं पाठ केलं तरी पास होते मी."

म्हणजे बघा, ही मुलगी सोशिऑलॉजीत तीन मार्क गेले म्हणून दोन रात्री झोपली नव्हती, आणि जे वॉर्डात रोज लागतं ते तिने शांतपणे ऑप्शनला टाकलेलं. आणि मार्कांच्या हिशोबाने ती अजिबात चुकत नव्हती! दोन-चार मार्क सोडून पास होता येतंच की. तोपर्यंत मी तिला काळजी करू नकोस म्हणत होते, आता मलाच काळजी वाटायला लागली.

पुढच्या आठवड्याला मी फार्माच्या ट्यूटर मॅडमना विचारून तिला एक साधं गणित दिलं. ५०० मिलीची सलाईन, ८ तासांत द्यायची, नळीचा सेट २० थेंबाला एक मिली होतो असा, तर मिनिटाला थेंब किती? तिने ५०० भागिले ८ केलं, ६२ पॉइंट ५ लिहिलं, आणि पेन ठेवला. मी म्हटलं पुढे? म्हणाली, "वॉर्डात सिस्टर अंदाजानेच सोडतात."

बरं मग माझ्या डोक्यात एक आयडिया आली, आणि मला ती फार हुशारीची वाटली होती हे कबूल करते. तिचे वडील गावातल्या दूध डेअरीवर कामाला, ही बारावीपर्यंत सकाळी तिथे मदत करायची, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला घट्ट भाग) बघून दराचा तक्ता लावायची. मी विचारलं, चार लिटर सहाशे दूध, ३४ रुपये भाव, किती झाले? ती वर बघून लगेच म्हणाली, "१५६ रुपये ४० पैसे." मी एकदम खूश. म्हटलं अगं हेच तर त्रैराशिक आहे, हेच सलाईनला लावायचं, तुला येतंय सगळं!

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, दुधाचं चुकलं तर पप्पा भरतात."

माझी आयडिया तिथेच बसली. मी गणिताची भीती, इंग्रजीची भीती, मराठी मीडियम असं काय काय धरून चालले होते, आणि हिला गणिताची भीतीच नव्हती. मग हळूहळू बाहेर आलं. पहिल्या वर्षाला फिमेल मेडिकल वॉर्डला पोस्टिंग होती, एका आजीची सलाईन चालू होती, तिची सून म्हणाली सिस्टर जरा फास्ट करा ना, आमची शेवटची गाडी जाते, आणि हिने रोलर (थेंब कमी-जास्त करायचं नळीवरचं चाक) थोडा सोडला. थोडा म्हणजे किती, ते तिला आजही सांगता येत नाही. बाटली दीड तासात संपली. आजीला काही झालं नाही, पण इन्चार्ज सिस्टरनी सगळ्या वॉर्डासमोर हिला उभं करून विचारलं की हार्टचा पेशंट असता आणि फुफ्फुसात पाणी झालं असतं तर तू भरून देणार होतीस का. त्या सिस्टरचं म्हणणं चूक नव्हतं. सांगायची पद्धत... असो. त्या दिवसानंतर हिने थेंब मोजणं म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी काम असं मनात ठरवूनच टाकलं. ड्यूटीवर सलाईन लावायची वेळ आली की ही बेड मेकिंगला जायची, टीपीआर (ताप, नाडी, श्वास) घ्यायला जायची, स्पंज बाथ पण हौसेने करायची. ट्यूटर तिला "कामाला वाघ" म्हणायच्या. कुणाच्याच लक्षात आलं नाही, कारण प्रॅक्टिकलचे मार्क चांगले होते!

म्हणून मी आता पालकांना म्हणते की टक्के विचारू नका, कुठला विषय आणि त्यातलं काय राहिलंय ते विचारा. बेरजेत सगळे मार्क सारखेच दिसतात, त्यामुळे कुठले मार्क गेलेत ते कळतच नाही.

आम्ही पुढचे सहा-सात आठवडे काय केलं ते थोडक्यात. गणित मी शिकवलं नाही, तो माझा प्रांत नाही. मी फक्त तिच्याकडून ती आजीची गोष्ट तीन-चार वेळा सांगून घेतली, दर वेळी थोडी कमी थरथरत. गणित ट्यूटर मॅडमनी घेतलं, आणि त्यांनी जे केलं ते मला फार आवडलं. त्यांनी कागद बाजूला ठेवला, स्किल लॅबमध्ये एक बाटली टांगली, खाली बादली, हातात घड्याळ. मिनिटाला २१ थेंब बसेपर्यंत रोलर लावायचा. (ते गणित असं: ५०० गुणिले २० भागिले ४८० मिनिटं, २० पॉइंट ८ येतं, थेंब अर्धा सोडता येत नाही म्हणून २१.) पहिल्या दिवशी तिला नुसतं मोजायलाच घाम फुटला, थेंबाकडे बघितलं की घड्याळ सुटतं, घड्याळाकडे बघितलं की थेंब.

मग इन्सुलिन. मॅडमनी दोन सिरिंज आणल्या, एक लाल टोपणाची, एक केशरी. दोन्हीत रंगीत पाणी दहाच्या रेषेपर्यंत भरायला लावलं आणि शेजारी शेजारी धरायला सांगितलं. लाल म्हणजे ४० युनिटवाल्या इन्सुलिनची, केशरी म्हणजे १०० वाल्या. रेष दोन्हीकडे दहाचीच, पण लालमध्ये पाणी पाव मिली आणि केशरीमध्ये एक दशांश. १०० वालं इन्सुलिन चुकून लाल सिरिंजमध्ये दहापर्यंत ओढलं तर पेशंटला दहाच्या जागी २५ युनिट जातात. मी पण तिथे उभी होते, आणि माझ्या सासूबाई आठ वर्षं घरी इन्सुलिन घेतात, मला हे माहीतच नव्हतं! त्या रात्री घरी जाऊन आधी फ्रीज उघडून बाटली वाचली.

वर्षाने दोन्ही सिरिंज खूप वेळ धरून ठेवल्या. मग म्हणाली, "मॅडम, म्हणजे हे न शिकता पास झाले असते मी."

बाहेरदेशी जायचं डोक्यात असलेल्या मुलींना मी हे मुद्दाम सांगते. इंग्लंडला नर्स म्हणून रजिस्ट्रेशन करायचं तर इंग्रजीची आयईएल्टीएस किंवा ओईटी परीक्षा लागते, मग कॉम्प्युटरवरची परीक्षा, आणि तिचा एक अख्खा भाग फक्त डोस आणि ड्रिपच्या गणितांचा असतो, मग प्रत्यक्ष कौशल्याची परीक्षा वेगळीच. म्हणजे आपल्याकडे ज्याला दोन-चार मार्क, तिथे त्याच्यावर वेगळं पास व्हावं लागतं. तिथे ५३ का ७६ यावर कुणी अडवत नाही.

आता रिझल्टचं विचाराल तर काही चमत्कार झाला नाही. चौथ्या सेमिस्टरला तिचे मार्क थोडे वाढले, फार्मात बरे पडले, बाकी जिथल्या तिथे. मायक्रोग्रॅमवरून मिलीवर येताना अजून अडखळते, पण अडखळली की थांबते आणि दुसऱ्या सिस्टरला म्हणते एकदा चेक करा. इन्चार्ज सिस्टरना (त्याच त्या, आता बदलून आयसीयूला आल्यात) हे आवडतं असं ऐकलं, खरं-खोटं माहीत नाही. आत्याने अजूनही हात जोडलेलाच इमोजी टाकला.

गेल्या महिन्यात ती परत आली, काही प्रॉब्लेम नव्हता, सहज. लॉगबुकच्या मागच्या पानावर आकडेमोड केलेली. म्हणाली, "मॅडम, ५५ ला किती कमी पडतात ते काढलंय. पुढच्या चार सेमिस्टरला सरासरी ५७ पाडले की होतं." मी बघितलं, तिने सगळ्या सेमिस्टरचे एकूण मार्क सारखे धरले होते. मी बोट ठेवायच्या आधीच म्हणाली, "हे ढोबळ आहे हां, सेमिस्टरचं टोटल वेगवेगळं असतं, घरी परत करते."

मी विचारलं, "एमएस्सी करायचंय का तुला?"

"नाही ओ मॅडम. मला कॅज्युअल्टी आवडते."

"मग हे कशाला काढलंस?"

"पप्पा रोज विचारतात ना."