ताई, रविवारी पाच वाजले की छातीत धडधडतं

"ताई, मी यवतमाळची, सात वर्षं झाली पालघर जिल्ह्यात झेडपी शाळेवर आहे. पहिली ते चौथी, ४१ मुलं, शिक्षक दोनच. मुख्याध्यापकाचा चार्ज माझ्याकडे आणि सर बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या कामात निम्मा महिना बाहेर. रेंज नाही म्हणून शाळेमागच्या टेकाडावर चढून माहिती पाठवते. रविवारी पाच वाजले की छातीत धडधड सुरू. गेल्या आठवड्यात दुसरीतली एक मुलगी तिसऱ्यांदा 'बाई, पाण्याला जाऊ?' विचारायला आली आणि मी एवढी ओरडले की ती दुसऱ्या दिवसापासून शाळेत आलीच नाही. मिस्टर म्हणतात, सरकारी नोकरी आहे, तुला कसला त्रास? आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या शिक्षण परिषदेला जाते, सही करते, पहिली निघते. आधी आम्ही तिघी मैत्रिणी थांबून भेळ खायचो, आता कोणाशी बोलावंसंच वाटत नाही. मीच कमजोर आहे का?"

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या भेळेपाशीच अडकले. टेकाड, लिंका, निरंक अहवाल (काहीच नाही हेसुद्धा लिहून पाठवायचं, तेही आजच्या आज, कमाल आहे!) हे सगळं मला माहितीये, मीपण नऊ वर्षं शिकवलंय. पण टेकाड काय आज उगवलं का? ते तू आधीपण चढतच होतीस ना, तेव्हा उतरल्यावर दोघीजणी होत्या, आता कोणी नाही.

कमजोर बिमजोर काही नाहीस तू. २००१ साली काही संशोधकांनी कामाच्या थकव्याचा एक साधा हिशोब मांडला, एका पारड्यात कामाचा बोजा आणि दुसऱ्यात तो पेलायला जे जे हाताशी असतं ते, म्हणजे सोबतीचा शिक्षक, ऐकून घेणारा साहेब, आपल्या वर्गात आपल्या मनासारखं करायची थोडी मोकळीक, आणि मला जमतंय हा स्वतःवरचा भरवसापण पुढे त्यातच धरला गेला. आणि हॉबफॉल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने त्याच्याही आधी, १९८९ मध्ये सांगून ठेवलंय की यातलं एक हातचं गेलं की त्याच्यामागून दुसरं जायला लागतं. तुझंच बघ, सर बाहेर म्हणून दमलीस, दमलीस म्हणून लवकर निघायला लागलीस, मैत्रिणी सुटल्या, मग पोरीवर ओरडलीस, आणि आता म्हणतेस मीच कमजोर. म्हणून ते 'मन खंबीर ठेवा' वाले सकाळचे मेसेज माझ्या डोक्यात जातात, खंबीर राहायला माणसाच्या पाठीशी कोणीतरी लागतं की!

तर आधी त्या दोघी. 'कशी आहेस गं' असा फोन करू नकोस, अवघडल्यासारखं होईल. सरळ सांग, माझा पोषण आहाराचा हिशोब जुळत नाहीये, तुझं रजिस्टर घेऊन ये, परिषद संपली की बसू. कामाचं निमित्त असलं की मदत मागायला लाज वाटत नाही. बाकीचं बोलणं आपोआप निघतं, भेळेवाला तिथेच असेल.

सरांचं मात्र जपून. ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असं आरटीईतच, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातच आहे, म्हणजे कागदावर तुमची शाळा एकदम व्यवस्थित, आणि निवडणुकीची कामं त्याच कायद्याच्या कलम २७ मध्ये चालतात, त्यामुळे 'बीएलओ काढून घ्या' म्हणून भांडून हाती काही लागेलसं वाटत नाही. सर नसतील तेवढ्या दिवसांपुरता शेजारच्या शाळेतला एक शिक्षक माग. लेखी, तारखांसकट, केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, आणि पोच घे. मिळेलच असं नाही. मैत्रिणींकडे हीच बोंब असेल तर तिघींनी मिळून द्या, एकटीचा कागद फायलीत दबतो. आणि सर शाळेत असतात त्या दिवशी आहाराचं रजिस्टर त्यांच्याकडे, हे चार्ज तुझ्याकडे असताना तुला सांगता येतं बरं का.

मिस्टरांना म्हणावं, रोज पंधरा मिनिटं नुसतं ऐका, सल्ला नको आणि पगाराचा विषय काढायचा नाही. जमलं तर जमलं. नवऱ्याकडून सगळंच मिळावं हा हट्ट मी पन्नाशीत सोडला, फार बरं वाटलं.

धडधड मनाचीच असेल असं धरून बसू नकोस, बीपी, हिमोग्लोबिन, थायरॉइड बघून घे. झोप उडाली असेल, उगाच रडू येत असेल तर १४४१६ ला फोन लाव, सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आणि जगणंच नको असलं काही मनात आलं तर तेव्हाच्या तेव्हा लाव, थांबू नकोस.

आणि त्या पोरीच्या घरी जाऊन ये. तिच्या आईशी त्यांच्या वारली बोलीत दोन शब्द बोल, सात वर्षांत तेवढं आलं असेलच, आणि पोरीला सांग, बाई उगाच ओरडल्या, चुकलं बाईंचं, उद्या ये. रविवारीच जा, पाचच्या सुमाराला.