तळघरात उतरणारे पात्र मूर्खच असते का?

मालिका आणि भयपट यांच्या लेखनाविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी पाच प्रश्न या वेळी निवडले आहेत. उत्तरे देताना काही कथानकांचे शेवट सांगावे लागले आहेत, याची आधीच सूचना देतो.

प्रश्न : भयपट पाहताना माझी हमखास चिडचिड होते. दिवे गेलेले असतात, तळघरातून आवाज येत असतो आणि पात्र एकटेच खाली उतरते. असा मूर्खपणा दिसला की ‘लेखन वाईट’ असे म्हणून मी मोकळा होतो. माझी पत्नी म्हणते, भयपट म्हटल्यावर एवढे चालायचेच. आमच्यापैकी कोणाचे बरोबर?

उत्तर : माझ्या मते दोघांचेही नाही. आपण भयपट पाहायला बसलो आहोत हे आपल्याला पहिल्या क्षणापासून ठाऊक असते. पात्राला मात्र आपण भयपटात आहोत याची कल्पना नसते. पार्श्वसंगीत आपल्याला ऐकू येते, त्याला येत नाही. रात्री घरात काही खुडबुडले, तर आपणही मांजर असेल किंवा खिडकी उघडी राहिली असेल असे म्हणत उठून पाहतोच. त्यामुळे पात्राची अक्कल आपल्याजवळच्या माहितीने मोजणे हा त्याच्यावर अन्याय आहे. त्या क्षणी त्याला काय माहीत होते, त्याला काय हवे होते आणि दुसरा कोणता मार्ग त्याला खरोखर मोकळा होता, एवढे पाहून मग निकाल द्यावा.

‘एलियन’ (१९७९) या चित्रपटातला एक प्रसंग यासाठी पाहण्यासारखा आहे. एका सहकाऱ्याच्या चेहऱ्याला अनोळखी जीव चिकटलेला आहे, बाकीचे त्याला उचलून अंतराळयानाच्या दाराशी घेऊन आले आहेत, आणि आत असलेली रिप्ली विलगीकरणाच्या नियमावर बोट ठेवून दार उघडायला नकार देते. नियम तिच्या बाजूने आहे. तरीही दार उघडले जाते, कारण आतला दुसरा एक जण तिला न जुमानता ते उघडतो. आणि त्याने तसे का केले, याचे कारण पुढे कळते तेव्हा तो प्रसंग नव्याने उलगडतो. येथे संकट आत येते ते कोणाच्या मूर्खपणामुळे नव्हे. मित्राला वाचवू पाहणारे, नियम पाळणारी आणि मनात वेगळाच हेतू बाळगणारा, अशी तीन प्रकारची माणसे एका दाराशी एकत्र आली आहेत, म्हणून ते येते. पुढे यान सोडून पळण्याची घाई असताना हीच रिप्ली मांजराला शोधत बसते. नुसत्या हिशेबाने पाहिले तर हा वेडेपणाच. परंतु एकामागून एक सोबती गमावलेले माणूस उरलेल्या एका जिवाला सोडून जात नाही, हे मला पटते.

याहून अवघड उदाहरण ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) या चित्रपटाचे. बाहेर प्रेते चालत आहेत आणि एका घरात अडकलेली माणसे वाद घालत आहेत : वर राहून दारे-खिडक्या फळ्यांनी ठोकून घ्याव्यात, की तळघरात जाऊन कडी लावावी? बेन धीराचा आणि कर्तबगार. त्याचे म्हणणे, तळघर हा सापळा आहे. हॅरी कूपर चिडखोर आणि आपमतलबी. त्याचे म्हणणे, तळघरच सुरक्षित आहे. आपण अर्थातच बेनच्या बाजूने उभे राहतो. अखेरीस प्रेते वरच्या मजल्यात घुसतात, बेन जिवंत राहतो तो तळघराचे दार लावून घेतल्यामुळे, आणि सकाळी बाहेर डोकावताच त्याला चालते प्रेत समजून गोळी घातली जाते. म्हणजे जो माणूस आपल्याला आवडला नाही त्याचा सल्ला निदान त्या रात्रीपुरता खरा ठरला. आणि म्हणून बेन मूर्ख होता का? नव्हता. हाती असलेल्या माहितीवर त्याने केलेला विचार सुसंगत होता. निर्णय चुकणे आणि निर्णय मूर्खपणाचा असणे यांत जे अंतर आहे ते ज्या लेखकाला कळते, त्याची पात्रे मेली तरी आपल्याला त्यांचा राग येत नाही.

आता आपल्या तक्रारीतला खरा भाग. खाली धोका आहे हे पात्राला पक्के ठाऊक आहे, वर राहणे शक्य आहे, खाली जाऊन काही मिळायचे नाही, आणि तरीही ते उतरते. असे असेल तर ते पात्र स्वतःच्या पायांनी उतरलेले नाही, लेखकाने त्याला ढकलले आहे. अशा वेळी आपण अवश्य चिडावे.

प्रश्न : दररोज चालणाऱ्या मालिकांत एक गैरसमज महिनोन्‌महिने टिकतो. कोणीतरी दाराआडून अर्धे वाक्य ऐकते आणि सारे घर दुभंगते. दोघांपैकी एकाने सरळ विचारले, तर पाच मिनिटांत प्रश्न मिटेल. ही मालिकेची गरज समजून सोडून द्यावी का?

उत्तर : रोज एक भाग भरायचा असतो, पुढचे भाग आधीचे प्रसारित होत असतानाच लिहिले जातात आणि कथा कधी संपणार हे लेखकालाही माहीत नसते, या अडचणी खऱ्या आहेत आणि त्या मानल्याच पाहिजेत. गैरसमज हे काही हलके साधन नव्हे. जुन्या आणि थोर नाटकांचे डोलारे त्याच्यावर उभे आहेत. फरक पडतो तो न बोलण्याला कारण आहे की नाही यावर. एखादी स्त्री नवऱ्याला सरळ विचारत नाही, कारण उत्तर खरे निघाले तर घर सोडावे लागेल आणि तेवढे बळ तिच्यात अजून आलेले नाही. असे दिसले की तिचे गप्प राहणे हाच नाट्याचा विषय होतो आणि तो शंभर भागही पुरू शकतो. उलट, ती बोलायला तोंड उघडते आणि प्रत्येक वेळी फोन वाजतो, तेव्हा तिला गप्प बसवणारा फोन नसून लेखक असतो. मी स्वतः एका मालिकेत असा फोन एकाच आठवड्यात तीनदा वाजलेला मोजला आणि चौथ्यांदा वाजण्याआधी दूरचित्रवाणी संच बंद केला.

प्रश्न : एखादे पात्र पूर्ण बदलते तेव्हा समीक्षक त्याला कधी ‘पात्राचा विकास’ म्हणतात, तर कधी ‘पात्राशी विसंगत’. हे ठरवायचे कशावरून? की आवडले तर विकास आणि नावडले तर विसंगती?

उत्तर : आपल्या शेवटच्या वाक्यातला टोमणा बऱ्याच अंशी खरा आहे आणि तो मी स्वतःलाही लावून घेतो. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीविषयक व्याख्यानांत सपाट आणि भरीव पात्रांचा भेद सांगताना एक कसोटी दिली आहे : भरीव पात्र आपल्याला चकित करू शकते आणि तरीही पटते. चकित करत नसेल तर ते सपाट, आणि चकित करूनही पटत नसेल तर भरीव असल्याचा आव आणणारे सपाट. ही कसोटी मला अजूनही कामाची वाटते; फक्त मालिकेच्या बाबतीत तिला वेळेची जोड द्यावी लागते, कारण दोन तासांच्या चित्रपटात जे सूचित करून भागते ते साठ तासांच्या कथेत पायरी-पायरीने दाखवावे लागते.

‘ब्रेकिंग बॅड’ (२००८–२०१३) या मालिकेत रसायनशास्त्राचा एक मवाळ शिक्षक कर्करोगाचे निदान झाल्यावर अमली पदार्थ बनवू लागतो. कारण तो सांगतो ते एकच : माझ्या मागे कुटुंबाची आबाळ होऊ नये. पण पहिल्या पर्वाच्या पाचव्याच भागात त्याचा जुना, आता श्रीमंत झालेला भागीदार त्याला नोकरी आणि उपचारांचा खर्च देऊ करतो आणि तो नाकारतो. मला हा त्या मालिकेतला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग वाटतो, कारण तेथे कुटुंबाचे निमित्त गळून पडते आणि दुखावलेला अभिमान उघडा होतो. ६२ भागांच्या अखेरीस तो पत्नीपाशी कबूल करतो की हे सारे मी माझ्यासाठीच केले. तेव्हा आपल्याला धक्का बसत नाही, आपण ज्याची वाट पाहत होतो ते ऐकू येते. माणूस बदलला की मुळात होता तसा उघड झाला, हा प्रश्न तेथे शिल्लक राहतो आणि तो राहावा यातच लेखनाची ताकद आहे.

याच्या उलट बाजूला ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेचा शेवट ठेवला जातो. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांनी हा परिच्छेद वगळावा. राणी डेनेरिस शरण आलेले शहर जाळते हे पात्राशी विसंगत आहे, असे पुष्कळांचे म्हणणे. मला तसे वाटत नाही. जिंकलेल्या शहरातल्या मालकवर्गाला खांबांवर ठोकण्याची आणि झुकायला नकार देणाऱ्या कैद्यांना जाळण्याची आज्ञा तिने पूर्वी दिलेली आहे, बीज होते. मात्र पहिल्या सहा पर्वांत प्रत्येकी दहा भाग असताना शेवटची दोन पर्वे सात आणि सहा भागांत आटोपली, आणि पूर्वी ज्या प्रवासाला कित्येक भाग लागत तो एका दृश्यात संपू लागला. त्या घाईत, शत्रूला जाळणारी राणी निरपराधांना जाळण्यापर्यंत कशी पोहोचली, या मधल्या पायऱ्या हरवल्या. निर्णय चुकीचा नव्हता, तो कमावलेला नव्हता. त्यामुळे ‘असे ती करणारच नाही’ या तक्रारीपेक्षा ‘असे ती करेल हे मला पुरते दाखवले नाही’ ही तक्रार अधिक नेमकी आहे, आणि लेखनाचा न्याय करताना नेमकेपणाला महत्त्व आहे.

प्रश्न : अचानक मोठा आवाज करून दचकवणे याला मी भय मानत नाही. ती लबाडी आहे. आपले मत काय?

उत्तर : दचकणे ही शरीराची प्रतिक्रिया आहे, त्यासाठी कथा लागत नाही, फुगा फुटला तरी पुरतो. आपल्या नाट्यशास्त्राने भयानक आणि बीभत्स हे दोन रस वेगळे मानले, एकाचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी असलेला भाव, भय आणि दुसऱ्याचा जुगुप्सा, म्हणजे किळस. हा भेद मनात ठेवला तर रक्तामांसाचा सडा दाखवून ‘भयपट केला’ असे म्हणणाऱ्यांची गल्लत ध्यानात येते. भयानक रसाचे उदाहरण म्हणून नाट्यशास्त्राचा टीकाकार अभिनवगुप्त याने कोणते राक्षसाचे वर्णन घेतले नाही. त्याने शाकुंतलातले, मान वळवून मागे पाहत धावणारे हरीण घेतले. आपल्याला स्वतःला कसलाच धोका नसतो, हरणाशी आपले काही नाते नसते, तरी भय पोहोचते.

दिग्दर्शक हिचकॉक यांनी फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांच्याशी बोलताना दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला ठाऊक नसेल, तर स्फोट होताच पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो. ठाऊक असेल, तर टेबलावरच्या साध्या गप्पांत पंधरा मिनिटे जीव टांगणीला लागतो. पहिल्या प्रश्नातल्या तळघराचे मर्म यातच आहे : आपल्याला जास्त माहीत असणे हे भयाचे भांडवल आहे, पात्राच्या मूर्खपणाचा पुरावा नव्हे.

मात्र दचकवणे सर्वस्वी लबाडीचे, हे मला मान्य नाही. ‘कॅट पीपल’ (१९४२) या चित्रपटात एक स्त्री रात्री रस्त्याने जात असते, मागून पावले ऐकू येतात, मग तीही थांबतात, ती पळू लागते. आणि एकदम फिस्कारल्यासारखा आवाज होतो. तो थांबणाऱ्या बसचा असतो. पडद्यावर काहीही घडलेले नाही, तरी प्रेक्षक जागेवरून उडतो, कारण त्याआधीच्या शांततेत भय साठवलेले होते. साठा केलेला असेल तर दचकवणे हे त्याचे मोकळे होणे आहे. साठाच नसेल तर तो नुसता आवाज.

प्रश्न : चांगले पात्र लेखकाचे की नटाचे, हे प्रेक्षकाला कसे ओळखता येईल?

उत्तर : पूर्णपणे ओळखता येत नाही, पण एक साधी युक्ती मी वापरतो. नटाचा चेहरा आणि आवाज विसरून, त्या पात्राने काय-काय केले एवढेच सांगून पाहावे. नुसत्या कृती सांगूनही माणूस उभा राहिला, तर लेखन भक्कम आहे. ‘एलियन’च्या मूळ संहितेत सर्व भूमिका स्त्री किंवा पुरुष कोणीही करू शकेल अशी टीप होती, दार न उघडण्याचा निर्णय कागदावर तेवढाच ठाम राहिला असता. त्याला जी धार चढली ती रिप्ली साकारणाऱ्या सिगर्नी वीव्हर यांची. कधी नट लेखनालाच वळण देतो. ‘ब्रेकिंग बॅड’मधला त्या शिक्षकाचा तरुण साथीदार जेसी पहिल्या पर्वाच्या शेवटी मरावा, असा मालिकेचे कर्ते व्हिन्स गिलिगन यांचा आधी विचार होता, जेसी साकारणाऱ्या ॲरन पॉल यांचे काम पाहून तो बदलला, आणि जेसी अखेरच्या भागापर्यंत जिवंत राहिला.