बेट्टासाठी झाडांची छोटी टाकी: आधी झाडं, मग मासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वीस लिटरची काचेची टाकी आणली आहे, तिच्यात खरी झाडं लावून एक बेट्टा, म्हणजे फायटर मासा, ठेवायचा आहे. शनिवारी टाकी लावून रविवारी मासा आणला तर चालेल का? कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लागेल का? फिल्टर आणि हीटर नसले तर भागेल का, कारण दुकानात तर हा मासा पेल्यात ठेवलेला असतो? आणि सोबतीला चार-पाच निऑन टेट्रा सोडू का?

रविवारी मासा आणू नका. बाकी सगळ्या गोष्टींत तडजोड चालते, यात नाही.

आधी त्या पेल्याचं बघू. बेट्टा मूळचा थायलंडकडचा, भातखाचरं, दलदली आणि संथ ओढ्यांमधला. तिथलं पाणी उथळ, कोमट आणि झाडाझुडपांनी भरलेलं. त्यात प्राणवायू कमीच असतो. म्हणून या माशाला कल्ल्यांच्या जोडीला डोक्यात आणखी एक श्वसनेंद्रिय आहे, लॅबिरिंथ नावाचं. टाकीसमोर थोडा वेळ बसलात तर दिसेल: मासा सरळ वर येतो, तोंड पाण्याबाहेर काढून हवेचा घोट घेतो, खाली जाताना कल्ल्यांतून एखाददुसरा बुडबुडा सोडतो. या सोयीमुळे तो पेल्यातही तग धरतो. पण ती सोय प्राणवायूच्या टंचाईवर आहे, अमोनियावर नाही. पेल्यातल्या पाण्यात त्याचीच घाण साठते आणि त्याचे कल्ले, पर, कातडी त्यात भाजत राहतात. शिवाय खाचर उथळ असलं तरी पसरलेलं असतं. त्यामुळे उंच टाकीपेक्षा लांब-रुंद टाकी केव्हाही बरी. तुमचे वीस लिटर एका बेट्टाला छान पुरतील. दहाच्या खाली मी कुणालाच सुचवत नाही, कारण इतक्या कमी पाण्याचं तापमान आणि घाण दोन्ही फार भरभर वरखाली होतात.

आता रविवार का नको ते. मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया टाकतो. उरलेलं अन्न आणि कुजणारी पानं त्यात भर घालतात. एका जातीचे जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन्ही पदार्थ विषारी आहेत. नायट्राइट तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकदच काढून घेतं. नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी, आणि झाडं ते खातात. नव्या टाकीत हे जिवाणू जवळजवळ नसतातच. ते फिल्टरच्या स्पंजवर, रेतीवर, पानांवर हळूहळू वसतात आणि सहसा त्याला चार ते सहा आठवडे लागतात. नव्या टाकीत पहिल्या पंधरवड्यात ‘सगळं नीट केलं तरी’ दगावणारे मासे बहुतेक या कारणाने दगावतात. पाणी मात्र तेव्हाही आरपार स्वच्छ दिसतं, म्हणून कुणाला शंका येत नाही.

मासा नसताना जिवाणूंना खायला घालायचं तर दोन मार्ग आहेत. एक, रोज माशांच्या अन्नाची चिमूट टाकून ते कुजू देणं. जरा वास येतो, पण काम होतं. दुसरा, सुगंध आणि साबण नसलेलं शुद्ध अमोनियाचं द्रावण थेंबाथेंबाने टाकून अमोनिया 2 पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाख भागांत दोन भागांपर्यंत, नेणं. मला दुसरा आवडतो, कारण किती घातलं ते कळतं. टेस्ट किट मात्र हवंच, आणि शक्यतो थेंबांचं. पट्ट्यांवर माझा फारसा भरवसा नाही, शिवाय बऱ्याच पट्ट्यांत अमोनियाची चाचणीच नसते. आज घातलेला 2 पीपीएम अमोनिया उद्या याच वेळी शून्य आणि नायट्राइटही शून्य, असं दोन-तीनदा लागोपाठ आलं की टाकी तयार. मग निम्म्याहून जास्त पाणी बदला आणि मासा आणा. ओळखीच्या कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरचा वापरलेला स्पंज मागून घ्या, आठवडे वाचतात. बाटलीतल्या जिवाणूंनी कधी मदत होते, कधी काहीच होत नाही. ते घातले तरी चाचणी सोडू नका.

झाडं मी पहिल्याच दिवशी आणि भरपूर लावायला सांगतो ती याचसाठी. वाढणारं झाड अमोनिया थेट उचलतं. जिवाणू वसेपर्यंतचा बराच भार झाडं वाहतात, आणि शेवाळाला उरतं ते कमी. चार काड्या रोवून ‘वाढतील हळूहळू’ म्हणणाऱ्यांच्या टाकीत आधी वाढतं ते शेवाळ. तळाचा निम्म्याहून अधिक भाग पहिल्या दिवशीच झाकला गेला पाहिजे.

सिलिंडर अजिबात नको. कमी उजेडात, जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडशिवाय मजेत जगणारी झाडं घ्या: अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोराइन, जावा मॉस. जोडीला भरभर वाढणारं एखादं, हॉर्नवर्ट किंवा वॉटर विस्टेरिया. पहिल्या दोन महिन्यांत खरं काम हीच करतात. पुढे नको वाटली तर काढून टाका.

अनुबियास आणि जावा फर्न यांच्या बाबतीत एक गोष्ट नीट बघून घ्या. झाड हातात धरलंत की पानं आणि मुळं यांच्यामध्ये आल्याच्या गाठीसारखं आडवं, जाड, हिरवं खोड दिसेल. ते रेतीत पुरायचं नाही. पुरलं की कुजतं, बोट लावलं तर मऊ लागतं, आणि पानं एकेक करून देठापासून सुटून वर तरंगू लागतात. ते खोड दगडाला किंवा लाकडाला सुती दोऱ्याने सैलसर बांधा. दोरा विरेपर्यंत मुळांनी दगड धरलेला असतो. घाई असेल तर जेलच्या स्वरूपातल्या सुपरग्लूचा एक ठिपकाही चालतो. त्यातलं सायनोअॅक्रिलेट वाळल्यावर माशाला त्रास देत नाही.

क्रिप्टोकोराइनचं उलट आहे. त्याची मुळं रेतीत हवीत, आणि लावल्यावर आठवड्याभरात त्याची पानं काचेसारखी पारदर्शक होऊन विरघळली तर घाबरून उपटू नका. जागा किंवा पाणी बदललं की ते असं रुसतं. विरघळलेली पानं कापून टाका, मुळं जागेवर राहू द्या. नवी पानं तिथूनच येतात. नर्सरीत बरीच पाणवनस्पती पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असते. तिची जुनी पानं पाण्यात टिकत नाहीत, नवी येतात ती पाण्यातली.

वर तरंगायला साल्व्हिनिया किंवा फ्रॉगबिट घाला. उजेड मऊ होतो, लोंबणाऱ्या मुळांत मासा हुंदडतो, आणि पाण्यातलं जास्तीचं खत ती ओढून घेतात. फक्त निम्मा पृष्ठभाग मोकळा ठेवा; हवा घ्यायला वर येणाऱ्या माशाला मोकळी वाट हवी असते. दर आठवड्याला मूठभर काढून फेकावी लागतील, आणि फेकताना कचऱ्यात, नदी-नाल्यात नाही.

तळाला बारीक खडी किंवा जाड वाळू, चार-पाच सेंटीमीटर. वर सांगितलेल्या झाडांना महागडी माती लागत नाही. क्रिप्टोकोराइनच्या मुळाशी खताची गोळी खुपसली की झालं. अॅक्वासॉइल, म्हणजे टाकीतल्या झाडांसाठीची खतयुक्त माती, वापरायचीच असेल तर वापरा, पण ती धुवायची नसते आणि पहिले काही आठवडे ती स्वतःच अमोनिया सोडते. मासा नसेल तर हा फायदाच आहे. दिवा टायमरवर लावा, सुरुवातीला रोज सहा तास, पुढे फार तर आठ. खिडकीतलं थेट ऊन टाळा. पहिल्या महिन्यात काचेवर तपकिरी थर येईल, तो पुसला की जातो आणि बहुतेक टाक्यांत पुढे येईनासा होतो. आणि टाकी जिथे ठेवाल तिथे एकदा हात टेकून बघा: पाणी, खडी, दगड आणि काच धरून पंचवीस-तीस किलो होतात. मेज सपाट हवं आणि डुगडुगणारं नको.

फिल्टर हवा, पण जोरकस नको. लांब परांचा बेट्टा म्हणजे ओली झूल घेऊन पोहणारा प्राणी, त्याला प्रवाह झेपत नाही. साधा स्पंज फिल्टर, छोटा एअर पंप आणि मध्ये हवा कमी-जास्त करायचा कॉक, एवढं पुरे. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवणार असाल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घाला, नाहीतर वीज गेल्यावर पाणी उलट पंपात उतरतं आणि तिथून जमिनीवर. मासा एका कोपऱ्यात दबून बसत असेल किंवा पोहताना मागे ढकलला जात असेल तर हवा कमी करा. स्पंज नळाखाली कधीच धुऊ नका. क्लोरीनने महिन्याभराची वस्ती मरते. टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळला की पुरे.

हीटरचं उत्तर तुमच्या थर्मामीटरकडे आहे. बेट्टाला 24 ते 28 अंश सेल्सियस मानवतं, 26 च्या आसपास उत्तम. खोलीतलं पाणी वर्षभर रात्रंदिवस या पट्ट्यात राहत असेल तर हीटर नको. रात्री ते 22 वर उतरून दुपारी 28 वर चढत असेल तर हवा, कारण हे रोजचं हेलकावणंच माशाला थकवतं. वीस लिटरला 25 वॉटचा, थर्मोस्टॅट असलेला पुरतो. पाणी बदलण्याआधी त्याचा प्लग काढायचा, कोरडा तापला तर त्याची काच तडकते.

झाकण लावाच. बेट्टा उडी मारतो, आणि मोकळी जागा दिसली तर नेम चुकत नाही. झाकण आणि पाणी यांच्यात तीन-चार सेंटीमीटर हवा राहू द्या. दगड-लाकूड आत ठेवण्यापूर्वी त्यावरून नायलॉनचा जुना मोजा ओढून बघा. मोजा अडकला तर परही फाटतील. प्लास्टिकची झाडं याच परीक्षेत नापास होतात.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर ते रात्रभर उघडं ठेवल्याने बरंचसं उडतं. क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग, असेल तर उडत नाही. क्लोरीन मारणाऱ्या डीक्लोरिनेटरचे थेंब टाकणं सोपं. पीएच 6.5 ते 7.5 हवा असं लिहिलेलं असतं, पण तुमचं पाणी 7.8 असेल तर त्याच्या मागे लागू नका. बाटल्या ओतून रोज बदलणाऱ्या पीएचपेक्षा स्थिर 7.8 मासा सहज सोसतो. एवढंच लक्षात असू द्या की पीएच जितका चढा तितका अमोनिया जास्त घातक. वाळलेलं देशी बदामाचं पान टाकलं तर पाण्याला चहाचा रंग येतो, ते माशाला मानवतं आणि पानाखाली लपायला जागाही होते. ते औषध आहे असं समजून आजारी माशावर फक्त पानं टाकत बसू नका.

मासा निवडताना रंगाआधी हालचाल बघा. बोट काचेजवळ नेल्यावर वळून बघतो का, पर मिटून तळाशी पडलाय का, पोट आत गेलंय का. पहिल्यांदा पाळत असाल तर आखूड परांचा प्लाकाट घ्या. तो चपळ असतो आणि पर फाटण्याची कटकट कमी. जाड चकचकीत खवल्यांच्या ड्रॅगन जातीत कधीकधी खवले डोळ्यावर वाढतात आणि मासा आंधळा होतो, तेव्हा डोळे नीट पाहून घ्या. घरी आणल्यावर दिवा बंद करून पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगवा, थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत घाला, मग मासा जाळीने किंवा कपाने उचलून सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत नको.

खाणं: बेट्टा मांसाहारी, कीटक आणि त्यांच्या अळ्या खाणारा. त्याच्यासाठीचे बारीक दाणे सकाळ-संध्याकाळ दोन-तीन, आठवड्यातून एकदा डॅफ्निया (पाणपिसवा) किंवा ब्लडवर्म (लाल अळ्या), आणि एक दिवस उपास. तुम्हाला बघून तो रोजच उपाशी असल्यासारखा नाचेल, ते मनावर घेऊ नका. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला, नवं पाणी त्याच तापमानाचं. आटलेल्या पाण्यात नुसती भर घालणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे. वाफ उडते, क्षार मागे राहतात. पृष्ठभागावर बुडबुड्यांचं घरटं दिसलं की लोक ‘मासा खूश आहे’ म्हणतात. नर घाणेरड्या पेल्यातही घरटं बांधतो. त्यावरून टाकीची परीक्षा करू नका, किटवरून करा.

आता निऑन टेट्रा. वीस लिटरमध्ये नाही. ते थव्याने राहणारे, सहा-आठ तरी लागतात आणि त्यांना पळायला लांबी हवी. एवढ्याशा जागेत ते बेट्टाच्या परांना चावे घेतील किंवा बेट्टा त्यांच्या मागे लागेल. दुसरा बेट्टा, मग मादी असली तरी, मुळीच नको. सोबत हवीच असेल तर एक-दोन नेराइट गोगलगायी सोडा. काच साफ ठेवतात आणि गोड्या पाण्यात त्यांची पिल्लावळ होत नाही, फक्त लाकडावर पांढरी टणक अंडी चिकटलेली दिसतील. चेरी कोळंबी काही बेट्टा खपवून घेतात, काही एका दुपारी फस्त करतात. सोडायचीच असेल तर मॉस दाट झाल्यावर, आणि शक्य असेल तर माशाच्या आधी.