‘मेमरी लोकॅलिटी’ला ‘स्थानिकता’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: लिनक्सच्या कर्नलविषयीच्या (म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याविषयीच्या) मजकुराचं मराठी करताना एक वाक्य तयार झालं, ‘डिव्हाइस ड्रायव्हर वापरकर्त्यांसमोर हार्डवेअरच्या स्मृती-स्थानिकतेची माहिती उघड करतो.’ (ड्रायव्हर म्हणजे कर्नलचा एखादं उपकरण चालवणारा भाग.) व्याकरणात चूक नाही, पण वाचून हाती काही लागत नाही. ‘लोकॅलिटी’ला, म्हणजे मेमरी प्रोसेसरच्या किती जवळ आहे त्याला, दुसरा शब्द कोणता?

मला वाटतं, इथे नाम शोधत बसूच नये. ‘जवळ’ हे साधं शब्दयोगी अव्यय घ्यावं आणि वाक्य त्याच्याभोवती बांधावं.

कारण मशीनमध्येच दिसतं. दोन सॉकेटच्या सर्व्हरमध्ये दोन प्रोसेसर असतात आणि प्रत्येकाला आपापली मेमरी जोडलेली असते. पहिल्याला दुसऱ्याची मेमरी वापरता येते, पण मधला दुवा ओलांडून जावं लागतं, म्हणून वेळ जास्त लागतो. या रचनेला न्यूमा म्हणतात, आणि प्रोसेसर व त्याची मेमरी मिळून होतो एक नोड. मी वापरतो त्या अशाच एका मशीनवर न्यूमासीटीएल या कमांडला हार्डवेअरची माहिती विचारली की शेवटी चार आकड्यांचा छोटा तक्ता येतो. वरच्या ओळीत १० आणि २१, खालच्या ओळीत २१ आणि १०. हे नॅनोसेकंद नव्हेत. आपल्या नोडच्या मेमरीला १० धरलं तर दुसऱ्या नोडची किती लांब, एवढीच तुलना त्यात आहे.

आता यातली ‘स्थानिक’ मेमरी कोणती? दोन्ही स्थानिक आणि दोन्ही परक्या. कोणाच्या बाजूने बघतो यावर ते ठरतं. ‘स्थानिक’ हा शब्द एकटा उभा राहतो. स्थानिक बाजार, स्थानिक लोक, स्थानिक स्वराज्य संस्था असं म्हणताना गाव कोणतं ते गृहीत असतं. ‘जवळ’ला मात्र आधी कोणीतरी लागतंच: घराजवळ, स्टेशनाजवळ, तुझ्याजवळ. ‘कोणाच्या?’ हा प्रश्न तो शब्द टाळूच देत नाही. शिवाय ‘माझ्याजवळ शंभर रुपये आहेत’ म्हणतो तेव्हा त्यात अंतर आहे आणि ताबाही आहे. न्यूमामध्ये नेमकं हेच असतं. मेमरी त्या प्रोसेसरला जोडलेली, म्हणजे त्याच्याजवळची. वापरायची मुभा मात्र सगळ्यांना. हे दोन्ही अर्थ एका शब्दात मिळतात याचा मला मनापासून आनंद होतो.

कर्नलनेही माहिती अशीच ‘कोणाच्या जवळ’ या अंगाने मांडली आहे. २०१९च्या ५.२ या आवृत्तीपासून सिसएफएसमध्ये (कर्नल आपली माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो ती जागा) मेमरीच्या नोडखाली ‘इनिशिएटर’ नावाची डिरेक्टरी येऊ लागली. मेमरीकडे मागणी करणारे जे घटक, ते इनिशिएटर. त्यांतले त्या मेमरीशी सर्वांत चांगला वेग मिळणारे कोणते ते तिथे दिसतं, आणि मशीनच्या फर्मवेअरने (हार्डवेअरमध्येच भरलेल्या मूळ सॉफ्टवेअरने) पुरवले असतील तर वाचायला किती नॅनोसेकंद लागतात, सेकंदाला किती डेटा जातो हे आकडेही. एएमडीच्या ग्राफिक्स कार्डांचा केएफडी ड्रायव्हर प्रत्येक दुव्याची नोंद ठेवतो, तीत ‘कोणत्या नोडपासून’ आणि ‘कोणत्या नोडपर्यंत’ अशी दोन वेगळी घरं आहेत. या नोंदींत एकट्या मेमरीवर ‘स्थानिक’ असा शिक्का मारलेला नाही.

बाकीचे पर्याय. ‘सान्निध्य’ माणसांचं, निसर्गाचं, देवाचं. रॅमला तो शोभत नाही. ‘जवळीक’ म्हटलं की मन मध्ये येतं. ‘लगत’ मला फार आवडतो, जमिनीच्या मोजणीत लगतच्या खातेदारांना नोटीस जाते तो. पण लगत एक तर असते किंवा नसते; कमी लगत, जास्त लगत असं होत नाही, आणि इथे तर सगळा प्रश्न कमी-जास्तीचा. प्रोग्रॅम एका पत्त्यानंतर शेजारचेच पत्ते वाचत जातो, त्या दुसऱ्या अर्थाच्या लोकॅलिटीला ‘लगत’ छान बसेल. वारकरी परंपरेतल्या चार मुक्तींमध्ये सलोकता आणि समीपता अशा पायऱ्या आहेत, म्हणजे जवळपणाच्या पायऱ्या मोजायची सवय आपल्या भाषेला जुनीच. (‘सलोकता’ आणि ‘लोकॅलिटी’ कानाला सारखे वाटले तरी नातं नाही, लॅटिनमधल्या ‘लोकस’चं जुनं रूप ‘स्त्लोकस’ होतं.) नाम लागलंच, एखाद्या तक्त्याच्या मथळ्यासाठी म्हणा, तर सरळ ‘अंतर’ लिहावं. आपण ‘पुणं इथून तीन तास’ म्हणतोच, त्यामुळे वेळेत मोजलेलं अंतर कोणाला खटकणार नाही.

‘स्मृती’ काढून ‘मेमरी’ ठेवा, बोलताना सगळे तेच म्हणतात. ‘वापरकर्ता’ मात्र दिशाभूल करतो. इथला यूजर म्हणजे खुर्चीत बसलेला माणूस नव्हे, कर्नलच्या बाहेर चालणारे प्रोग्रॅम.

राहिलं ‘उघड करणे’. मराठीत गुपित उघड होतं, घोटाळा उघडकीस येतो. इथे लपवलेलं काहीच नव्हतं. बरेचदा कर्नल स्वतः मोजतही नाही, फर्मवेअरच्या तक्त्यांत लिहिलेलं पुढे सांगतो. त्यासाठी ‘कळवणे’ हे क्रियापद चपखल आहे.

म्हणून वाक्य असं करावं: ‘कोणती मेमरी कोणाच्या किती जवळ आहे, हे ड्रायव्हर प्रोग्रॅमना कळवतो.’

याच मजकुरात पुढे न्यूमा_नोड ही फाइल आली तर तिच्यातल्या -१ कडे लक्ष ठेवा. नेटवर्क कार्डासारखं पीसीआय उपकरण कोणत्या नोडला जोडलंय ते तिच्यात असतं, आणि ते कळलं नसेल तर -१. त्याचं ‘लागू नाही’ असं भाषांतर करू नका, आणि ० शी गल्लतही नको, कारण ० हा खराखुरा पहिला नोड आहे. -१ म्हणजे ‘माहीत नाही’.