बिनपगारी रजेवर राहून विधानसभा लढवता येते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे : प्रश्नकर्त्यांचा धाकटा भाऊ शासकीय तंत्रनिकेतनात अधिव्याख्याता असून त्याची बावीस वर्षे सेवा झाली आहे. निवडणुकीच्या काळात त्याने असाधारण रजा, म्हणजे बिनपगारी रजा घेतली आणि एक रुपयाही वेतन उचलले नाही, तर त्याची उमेदवारी टिकेल काय. आणि टिकत नसेल तर त्याच्याऐवजी त्याच्या पत्नीने अर्ज भरावा काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. मी जिल्ह्याच्या निवडणूक शाखेत बरीच वर्षे काम केले आहे, आणि हाच गैरसमज उराशी धरून आलेली शिकलेली माणसे छाननीच्या टेबलासमोर हताश झालेली मी पाहिली आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

राज्यघटनेचा अनुच्छेद १९१ (संसदेसाठी अनुच्छेद १०२) असे म्हणतो की केंद्र किंवा राज्य शासनाच्या अखत्यारीतील लाभाचे पद धारण करणारी व्यक्ती सभागृहाची सदस्य म्हणून निवडली जाण्यास आणि सदस्य राहण्यास अपात्र असते. विधिमंडळाने कायदा करून जी पदे वगळली असतील तेवढीच अपवाद. येथे ‘धारण करणे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. रजेवर गेलेला कर्मचारी पद सोडत नाही. त्याचे नाव आस्थापनेच्या नोंदीत राहते, त्याचा पदावरचा हक्क शाबूत राहतो आणि रजा संपताच तो त्याच खुर्चीवर रुजू होतो. कायद्याची नजर पदावर असते. त्या महिन्यात पगार उचलला की नाही, हे तो विचारत नाही.

हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने जया बच्चन यांच्या प्रकरणात २००६ साली निःसंदिग्धपणे मांडला. राज्यसभेच्या सदस्य असताना त्या उत्तर प्रदेश चित्रपट विकास परिषदेच्या अध्यक्ष होत्या. पदाला दरमहा ५,००० रुपये मानधन, आतिथ्य खर्च, गाडी आणि मंत्र्याचा दर्जा होता. आपण यातील काहीच घेतले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने सांगितले की लाभ प्रत्यक्ष घेतला की नाही हे गौण असून तो त्या पदातून मिळू शकत होता काय, एवढेच पाहायचे. त्यांचे सदस्यत्व गेले. त्याआधी २००१ मध्ये शिबू सोरेन यांची राज्यसभेवरील निवड झारखंड क्षेत्र स्वायत्त परिषदेच्या अध्यक्षपदामुळे रद्द ठरली. तेथे मानधन होते दरमहा १,७५० रुपये. उलट १९५४ च्या रावण्णा सुबण्णा प्रकरणात तालुका विकास समितीच्या अध्यक्षाला बैठकीमागे मिळणारे सहा रुपये हा लाभ न मानता खर्चाची भरपाई मानली गेली. थोडक्यात, खर्च भागवणारा भत्ता वेगळा आणि पदाचे म्हणून मिळणारे मानधन वेगळे. आपल्या भावाच्या बाबतीत तर ही चर्चासुद्धा उद्भवत नाही, कारण नियमित वेतनश्रेणीतले शासकीय पद हे लाभाच्या पदाचे सर्वांत ठळक उदाहरण आहे.

बिनपगारी रजेचा नेमका हाच प्रश्न ऑस्ट्रेलियात तिथल्या उच्च न्यायालयापर्यंत, म्हणजे त्या देशाच्या सर्वांत वरच्या न्यायालयापर्यंत, गेला होता. तिथल्या राज्यघटनेतील कलम ४४ आपल्या तरतुदीशी मिळतेजुळते आहे. फिल क्लिअरी हे व्हिक्टोरिया राज्याच्या शासकीय सेवेतील शिक्षक बिनपगारी रजेवर असताना ११ एप्रिल १९९२ रोजी विल्स मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत अपक्ष म्हणून उभे राहिले आणि जिंकले. निकाल अधिकृतपणे जाहीर होण्यापूर्वी, १६ एप्रिलला, त्यांनी नोकरीचा राजीनामाही दिला. तरीही नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने निवडणूक अवैध ठरवली, कारण निवडून येण्याची प्रक्रिया अर्ज भरण्यापासूनच सुरू होते आणि त्या वेळी ते शासकीय पदावर होते. तो निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, परंतु बिनपगारी रजेमागचा युक्तिवाद किती तकलादू आहे हे त्यातून कळते.

आपल्याकडे तारखेचा प्रश्न आणखी सोपा आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ३६ नुसार उमेदवाराची पात्रता छाननीच्या दिवशी पाहिली जाते. एका छाननीत एक शासकीय कर्मचारी राजीनाम्याची स्थळप्रत घेऊन आले होते. तिच्यावर आवक विभागाचा गोल शिक्का होता, आदल्या दिवशीची तारीख होती, आवक क्रमांकही होता. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी एकच विचारले, ‘स्वीकृतीचा आदेश कुठे आहे?’ गृहस्थांनी मुदत मागितली. आक्षेप आल्यास खुलाशासाठी थोडी मुदत देण्याची सोय कायद्यात आहे. पण मुदतीत पुरावा आणता येतो, नंतरच्या तारखेचा आदेश आणून मागच्या दिवशीची अपात्रता पुसता येत नाही. अर्ज फेटाळला गेला. शिक्क्यावर अंगठा ठेवून तो कागद पुन्हा पुन्हा पाहणारे ते गृहस्थ आजही माझ्या डोळ्यांसमोर आहेत. राजीनामा देणे हे अर्धेच काम असते. शासकीय सेवेत तो सक्षम प्राधिकाऱ्याने स्वीकारल्यावरच अमलात येतो.

आणि ही स्वीकृती आपल्या हातात नसते. मध्य प्रदेशातील उपजिल्हाधिकारी निशा बांगरे यांनी २०२३ च्या जूनमध्ये राजीनामा दिला, तो मंजूर व्हावा म्हणून न्यायालयाचे दार ठोठावले, आणि मंजुरी मिळाली तेव्हा ऑक्टोबर संपत आला होता. त्या आधीच ज्या पक्षाकडून त्यांना लढायचे होते त्याने आमला मतदारसंघात दुसऱ्याचे नाव जाहीर केले होते. म्हणून भावाने निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नये.

त्यातही त्याने राजीनामा न देता स्वेच्छानिवृत्तीचा मार्ग धरावा, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. राजीनाम्याने मागची सेवा निवृत्तिवेतनासाठी धरली जात नाही. जुन्या निवृत्तिवेतन योजनेत असलेल्या माणसासाठी हे नुकसान फार मोठे आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ नुसार वीस वर्षांची अर्हताकारी (निवृत्तिवेतनासाठी धरली जाणारी) सेवा झालेला कर्मचारी तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छेने निवृत्त होऊ शकतो, आणि आपल्या भावाची सेवा बावीस वर्षांची आहे. मात्र बिनपगारी रजेचे काही काळ अर्हताकारी सेवेत धरले जात नाहीत, त्यामुळे आधी सेवापुस्तक काढून हिशोब तपासावा. निवडणूक हरल्यावर नोकरीत परतण्याचा हक्क कोणीही देत नाही. तेल गेले, तूप गेले अशी अवस्था होऊ नये म्हणून हे लिहीत आहे.

आणखी एक कागद लोक विसरतात. शासकीय निवासस्थान वापरले असेल तर भाडे, वीज आणि पाणी यांचे ना-देय (थकबाकी नसल्याचे) प्रमाणपत्र शपथपत्रासोबत लागते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत पश्चिम बंगालमधील बीरभूम येथे माजी पोलीस अधिकारी देबाशिष धर यांनी नोकरी सोडलेली होती, उमेदवारीही मिळाली होती, परंतु ना-देय प्रमाणपत्र नसल्याने त्यांचा अर्ज बाद झाला.

हा नियम जाचक आहे, अशी तक्रार अनेकजण करतात. मला तो योग्य वाटतो. शासनाच्या पगारावर असलेला सदस्य शासनाला सभागृहात जाब विचारू शकणार नाही, हे त्यामागचे कारण आजही खरे आहे. शिवाय मतदान केंद्राध्यक्षापासून मतमोजणीपर्यंतची सारी कामे हेच कर्मचारी करतात. मला खटकते ते वेगळेच. २००६ मध्ये जया बच्चन यांच्या निकालानंतर लाभाची पदे असलेल्या अनेक खासदारांचे सदस्यत्व धोक्यात आले, तेव्हा काही पदांना या अपात्रतेतून सूट देणारा १९५९ चा अपात्रता निवारण कायदा मागील तारखेपासून दुरुस्त करून ते वाचवण्यात आले. राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी ते विधेयक फेरविचारासाठी परत पाठवले होते, तरी संसदेने ते पुन्हा संमत केले. अधिव्याख्यात्याला एका दिवसाचा उशीर माफ नाही आणि महामंडळाच्या अध्यक्षाला वर्षानुवर्षांचा दोष माफ होतो, हा न्याय नव्हे. तो मूळ कायदा वाचण्यासारखा मात्र आहे : त्याच्या सवलतींच्या यादीत मुंबईचे शेरीफ (नगरपाल) आहेत, आणि जमीन महसुलाच्या वसुलीवर दलाली घेणारे गावचे पटेल आणि देशमुखही आहेत, पण पोलिसी अधिकार नसतील तरच.

आता दुसरा प्रश्न. लाभाच्या पदाची अपात्रता पद धारण करणाऱ्या व्यक्तीपुरती असते. पतीच्या नोकरीमुळे पत्नी अपात्र होत नाही. त्यांनी अवश्य अर्ज भरावा. अडचण पतीची आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधील नियम ५ नुसार शासकीय कर्मचाऱ्याला मतदान करता येते, परंतु कोणाचाही प्रचार करता येत नाही, मग उमेदवार स्वतःची पत्नी का असेना. एवढेच नव्हे, तर स्वतःच्या अंगावर, वाहनावर किंवा निवासस्थानावर निवडणूक चिन्ह लावणे हाही प्रभाव टाकण्याचाच प्रकार मानला जातो. तेव्हा वहिनी उभ्या राहणार असतील, तर त्यांचे प्रचार कार्यालय राहत्या घरापासून वेगळ्या जागेत घ्यावे आणि भावाच्या दुचाकीवर त्यांच्या चिन्हाचे स्टिकर कोणी हौसेने चिकटवणार नाही, याकडे पहिल्या दिवसापासून लक्ष ठेवावे.