युद्ध झालं कुणाच्या अंगणात?

प्रश्न : परवा जेवताना मेहुण्यांशी जुंपली. त्यांचं म्हणणं, ‘एकदा दणकून युद्ध झाल्याशिवाय देश सुधारत नाही. जपान बघा, कोरिया बघा.’ मला पटलं नाही, पण उत्तरही सुचलं नाही. तुम्ही सैन्यात इंजिनिअर होतात, म्हणून विचारतो, यात तथ्य किती?
ता. क. कोरियाच्या युद्धात आपली माणसं होती, असं वडील सांगायचे. खरं का?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : मेहुण्यांना विचारा, युद्ध झालं कुणाच्या अंगणात? त्यांनी नावं घेतलेले दोन्ही देश एकाच युद्धात सापडतात. २५ जून १९५० ला कोरियात तोफा सुरू झाल्या. त्या वेळी जपानात टोयोटा कंपनी कर्जात बुडाली होती, संप नुकताच मिटला होता, कामगार कमी केले जात होते आणि संस्थापक किइचिरो टोयोडा राजीनामा देऊन बाहेर पडले होते. तेवढ्यात अमेरिकन सैन्याला ट्रक हवे झाले. हजारो ट्रकांची मागणी आली आणि कंपनी तरली. समुद्रापलीकडे दक्षिण कोरियाची राजधानी सोल वर्षभरात चार वेळा या हातातून त्या हातात गेलं. जपानला ऑर्डरी मिळाल्या, कोरियाला बॉम्ब.

खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये आम्हाला पूल बांधायला शिकवत आणि उडवायलाही. उडवायचा धडा फार लवकर संपायचा.

‘पण कोरिया पुढे गेलाच ना?’ गेला, पण कधी? जुलै १९५३ मध्ये शस्त्रसंधी झाली. १९६१ उजाडलं तरी दक्षिण कोरियातलं दरडोई उत्पन्न वर्षाला शंभर डॉलरच्या आतच होतं. नुसत्या युद्धानेच भलं व्हायचं असतं, तर ही आठ वर्षं कुठे गेली? मला विचाराल तर पाया घातला जमिनीच्या वाटपाने, आणि तो कायदा युद्धाआधीचा, १९४९ चा. कमाल धारणा तीन हेक्टरच्या आसपास, म्हणजे आपल्या हिशेबाने सात-साडेसात एकर. कुळाने दीड वर्षाच्या पिकाएवढी किंमत पाच वर्षांत फेडायची. जमीनदारांना भरपाईपोटी रोखे मिळाले होते. युद्धातल्या महागाईने त्या रोख्यांची रद्दी झाली आणि जुने जमीनदार कायमचे बुडाले. एवढं श्रेय मी युद्धाला देतो, नाखुशीने.

पुढचा भाग माझ्या धंद्यातला आहे. १९६५ पासून दक्षिण कोरियाने व्हिएतनाममध्ये फौज पाठवली. काही वर्षांत मिळून तीन लाखांवर सैनिक जाऊन आले, सुमारे पाच हजार परतले नाहीत. बदल्यात अमेरिकेची मदत आणि ठेके मिळाले. हानजिन कंपनीने क्वी न्योन बंदरातून लष्करी माल वाहिला, ह्युंदाईने कॅम रान्ह उपसागरात गाळ काढला. त्याच सुमारास ह्युंदाईने थायलंडमध्ये एका महामार्गाचं काम घेतलं आणि त्यात सपाटून तोटा खाल्ला. पण यंत्रं कशी चालवायची, परदेशी तपासनिसाला मान्य होईल असा रस्ता कसा करायचा, हे तिथेच शिकले. मग १९६८ ते १९७० या काळात सोल ते बुसान ४२८ किलोमीटरचा महामार्ग झाला. त्यात ह्युंदाईचा मोठा वाटा होता आणि कोरियन लष्कराचे इंजिनिअरही राबले. इतक्या वेळात एवढं काम म्हणजे इंजिनिअर म्हणून मला हेवा वाटतो. मात्र त्या रस्त्यावर ७७ माणसं मेली, आणि ती घाईची किंमत होती.

इथे मेहुणे टेबलावर हात आपटून ‘बघा!’ म्हणतील. तेव्हा सांगा, कमाई झाली ती पुन्हा दुसऱ्याच्या अंगणातल्या युद्धावर. ज्यांच्या शेतात बॉम्ब पडले त्या व्हिएतनामची गाडी रुळावर यायला १९८६ ची आर्थिक धोरणं यावी लागली, तोफा थांबल्यावर अकरा वर्षांनी. आणि उत्तर कोरिया? तिथे तर दक्षिणेपेक्षा जास्त बॉम्ब पडले. माणसं तीच, भाषा तीच, युद्धही तेच. मेहुण्यांचा सिद्धांत खरा असता तर आज प्याँगयाँगच्या गाड्या कोल्हापुरात धावल्या असत्या.

आपलंही घ्या. १९६५ च्या युद्धानंतर अमेरिकेची मदत थांबली, वर दोन दुष्काळ पडले, जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि चौथी पंचवार्षिक योजना १९६९ पर्यंत लांबली. सगळा दोष युद्धाचा नाही, पण विकासाचा लाभ कुठे दिसतो ते मेहुण्यांनीच दाखवावं.

वडील सांगायचे ते खरं आहे. आपली लढाऊ तुकडी नव्हती, पण ६० पॅराशूट फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स हे वैद्यकीय पथक १९५० च्या अखेरीस तिथे पोहोचलं. शस्त्रसंधीनंतर मायदेशी परतायला नकार देणारे बावीस हजारांवर युद्धकैदी सांभाळायला भारताची फौज गेली. तिचे प्रमुख होते मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, तुमच्याच कोल्हापूर जिल्ह्यातले.